खूण एक, अर्थ अनेक

विद्यार्थी मित्रांनो, घरातले कोणी परदेशी नोकरीला निघाले, की आपण त्याला किती तरी प्रश्न विचारतो. पगार किती मिळेल? राहण्याची सोय आहे का? तिकडे उन्हाळा कसा असतो? सुट्टी कधी मिळेल? हे सगळे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण परदेशात गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात अडवतात त्या गोष्टी बहुधा फार लहान असतात. कप किती भरायचा, रस्ता ओलांडताना आधी कोणीकडे पाहायचे, हाताने केलेल्या खुणेचा अर्थ काय घ्यायचा, अशा त्या गोष्टी असतात. त्या इतक्या लहान असतात, की निघताना आपल्याला त्या कोणी सांगत नाही. आणि आपल्यालाही त्या विचाराव्यात असे सुचत नाही.

या पाठात आपण अशाच काही लहान गोष्टींची माहिती घेणार आहोत. त्या कशा घडतात आणि त्यांच्यापासून काय शिकावे, हेही पाहू.

माझे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही घरी भाईजान म्हणतो, 2008 साली सौदी अरेबियातील रियाध शहरात नोकरीला गेले. ते वीजतंत्री आहेत. एका मोठ्या इमारतीच्या बांधकामावर तारा ओढण्याचे काम त्यांना मिळाले होते. निघण्याच्या दिवशी परभणीच्या रेल्वे स्थानकावर सारे घर जमले होते. अम्मीने लोणच्याची बरणी बांधून दिली आणि डोळे पुसत म्हणाली, ‘‘बेटा, तो तर आपल्याच दीनाच्या लोकांचा मुलूख आहे. तुला तिथे परके वाटायचे कारणच नाही.’’ आम्हा सर्वांनाही तसेच वाटत होते. नमाज तीच, रोजे तेच, सलाम तोच. मग परके काय असणार?

पण धर्म एक असला म्हणजे रीतही एकच असते, असे नाही. हे भाईजानना आठवड्याभरातच कळले.

कामावर रुजू होऊन चार-पाच दिवस झाले होते. तारांची मोठी रिळे घेऊन एक मालमोटार येणार होती. त्यांचे मुकादम इजिप्तचे होते. ते फोनवर बोलत उभे होते. भाईजान त्यांच्याजवळ गेले आणि ‘आता काय करू?’ असे त्यांनी नजरेनेच विचारले. मुकादमांनी बोलणे न थांबवता उजव्या हाताची पाचही बोटे एकत्र जुळवली, बोटांची टोके वर केली आणि हात दोन-तीन वेळा हळूच खाली-वर हलवला.

तुम्हीही आपली बोटे तशी जुळवून पाहा. तुम्हांला काय आठवते? घास! आपल्याकडे बोटे अशी जुळवून तोंडाकडे नेली, की ‘जेवलास का?’ किंवा ‘जेवून घे’ असा अर्थ होतो. भाईजाननी तोच अर्थ घेतला. मुकादम किती भला माणूस आहे, काम बाजूला ठेवून जेवायला पाठवतो आहे, असे त्यांना वाटले. ते भोजनगृहाकडे निघून गेले.

इकडे मालमोटार आली. रिळे कोठे उतरवायची हे दाखवायला कोणी नव्हते. चालकाने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो मोटार घेऊन परत गेला. दिवसभराचे काम थांबले. संध्याकाळी भाईजानचा एका दिवसाचा पगार कापल्याचे त्यांना सांगण्यात आले. ‘‘तुम्हीच तर मला जेवायला जा म्हणालात,’’ असे ते परोपरीने सांगत होते. पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

अरब देशांत त्या खुणेचा अर्थ अगदी साधा आहे : ‘जरा थांब.’

या घटनेत चूक कोणाची होती? नीट विचार केला तर चूक कोणाचीच नव्हती. मुकादमांनी थांबायला सांगितले होते आणि भाईजाननी सांगितलेले ऐकले होते. फक्त सांगणाऱ्याची खूण एका देशातली होती आणि ऐकणाऱ्याचा अर्थ दुसऱ्या देशातला होता.

आपल्याला वाटते, की भाषा शिकावी लागते. पण हातवारे, मान हलवणे या गोष्टी सगळ्या माणसांच्या सारख्याच असतात. तसे नाही. हसणे, रडणे, दचकणे या गोष्टी आपण जन्मतःच घेऊन येतो. पण होकारासाठी मान कशी हलवावी, कोणाला कसे बोलवावे, पाहुण्याला काय द्यावे, हे सारे आपण घरात पाहून पाहून शिकतो. ते कधी शिकलो हे आठवत नाही. म्हणून ते शिकलेले आहे असे वाटतच नाही. ते हवेसारखे असते. आपण त्यात राहतो, पण ते आपल्याला दिसत नाही. परदेशात गेल्यावर ते पहिल्यांदा दिसते.

मान हलवण्याचेच पाहा. कोणाचे बोलणे पटले, की आपण मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे डोलावतो. आपल्या देशात तिचा अर्थ ‘हो, समजले’ असा होतो. भारताबाहेरच्या अनेक लोकांना मात्र ती ‘नाही’ची मान वाटते किंवा ‘नक्की नाही’ची वाटते. भाईजानच्या अभियंत्यांना सुरुवातीला हाच प्रश्न पडत असे. ते काम समजावून सांगत, भाईजान मान डोलावत आणि अभियंते तेच पुन्हा पहिल्यापासून सांगू लागत!

आता पाहुणचाराची गोष्ट घेऊ. एका शुक्रवारी भाईजानना एका सौदी सहकाऱ्याने घरी बोलावले. गालिच्यावर बैठक होती. यजमानांच्या मुलाने लांब चोचीच्या किटलीतून कहवा ओतला. या किटलीला तिकडे ‘दल्ला’ म्हणतात. कहवा म्हणजे वेलदोडा घातलेली, बिनदुधाची, फिक्या रंगाची कॉफी. कप अगदी लहान आणि बिनकानाचा होता. त्याला ‘फिंजान’ म्हणतात. मुलाने त्या एवढ्याशा कपातही तळाशी थोडासाच कहवा ओतला. भाईजानना मनातून वाईट वाटले. आपल्याकडे पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर घराची अब्रू जाते. बशीत सांडेल इतका कप भरला, तरच मन भरून दिले असे आपण मानतो.

त्यांनी कहवा संपवला. मुलाने लगेच पुन्हा ओतला. तो संपवला, तर पुन्हा ओतला. आपल्याकडे ताटात उरवणे वाईट, म्हणून भाईजान पीत राहिले आणि मुलगा ओतत राहिला. पाचव्या कपानंतर शेजारच्या पाहुण्याला त्यांची दया आली. त्याने आपला रिकामा कप हातात धरून दोन वेळा हलवला आणि मुलाला परत दिला. भाईजाननीही तसेच केले. तेव्हा कोठे ओतणे थांबले.

याचा अर्थ असा : तिकडे कपात थोडाच कहवा ओततात, कारण तो गरम राहावा आणि यजमानाला पुन्हा पुन्हा वाढण्याची संधी मिळावी. कप काठोकाठ भरणे म्हणजे ‘एवढे प्या आणि निघा’ असे सुचवण्यासारखे मानले जाते. वडीलधाऱ्या किंवा मानाच्या पाहुण्याला आधी देतात. एक कप तरी घ्यावा, पण तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत, अशी सर्वसाधारण रीत आहे. पुरे झाले, की कप हलवायचा. या कहवा-पाहुणचाराला अरब जीवनात इतके महत्त्व आहे, की 2015 साली युनेस्कोने त्याचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि कतार या चार देशांनी मिळून ही नोंद करून घेतली.

म्हणजे आपण कप काठोकाठ भरतो तो आदराने आणि ते कप रिकामा ठेवतात तोही आदरानेच! भावना एकच आहे, रीत मात्र उलटी आहे. भाईजाननी जर पहिल्याच कपाला मन खट्टू करून घेतले असते आणि पुन्हा त्या घरी गेले नसते, तर एका चांगल्या मित्राला ते मुकले असते.

काही लहान गोष्टींत मात्र केवळ मनाचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न असतो. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. ही पद्धत इंग्रजांच्या राजवटीपासून आली. त्यामुळे रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे पाहतो, कारण जवळची वाहने उजवीकडून येतात. सौदी अरेबिया, दुबई, अमेरिका आणि युरोपातील बहुतेक देश येथे वाहने उजव्या बाजूने चालतात. तेथे जवळचे वाहन डावीकडून येते. आपण सवयीने उजवीकडे पाहतो, रस्ता मोकळा दिसतो आणि पाऊल टाकतो. नेमके त्याच वेळी डावीकडून मोटार आलेली असते! इंग्लंडमध्ये मात्र वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. तेथे परदेशी पाहुण्यांची अशीच चूक होते, म्हणून लंडनच्या अनेक रस्त्यांवर कडेला मोठ्या अक्षरांत ‘उजवीकडे पाहा’ अशी सूचना रंगवलेली असते. सवय किती खोल असते, हे यावरून कळते.

घड्याळ आणि दिनदर्शिका यांचेही तसेच आहे. भारताची वेळ सौदी अरेबियापेक्षा अडीच तासांनी पुढे असते. भाईजान नवीन गेले तेव्हा अम्मी पहाटे फजरची नमाज पढून साडेपाचला त्यांना फोन लावायची. त्या वेळी रियाधमध्ये रात्रीचे तीन वाजलेले असत. एवढ्या रात्री फोन वाजला, की भाईजान दचकून उठत. घरी काही वाईट तर घडले नाही ना, या भीतीने त्यांचा हात थरथरत असे. आणि अम्मी विचारायची, ‘‘बेटा, नाश्ता केलास का?’’

सुट्टीचा वारही निराळा होता. 2013 सालापर्यंत सौदी अरेबियात गुरुवार आणि शुक्रवार हे सुट्टीचे दिवस होते. त्या वर्षीच्या जून महिन्यापासून ते शुक्रवार आणि शनिवार झाले. संयुक्त अरब अमिरातीने 2022 सालापासून सरकारी कार्यालयांसाठी शनिवार-रविवारची पूर्ण आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी सुरू केली. आपण रविवारला सुट्टीचा दिवस म्हणतो, तेव्हा तो जणू निसर्गानेच ठरवला आहे असे वाटते. पण तो माणसांनी ठरवलेला असतो आणि माणसे तो बदलूही शकतात. भाईजानच्या काळात नमाजच्या वेळी दुकाने बंद करण्याचाही नियम होता. एकदा तेल-साबण हातात घेऊन ते पैसे द्यायला उभे असतानाच दुकानाचे दार ओढले गेले. नमाज त्यांना ठाऊक होती, पण दुकान बंद होईल हे ठाऊक नव्हते. 2021 सालापासून तेथे नमाजच्या वेळीही दुकाने उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली आहे.

सर्वांत मोठे नवल ईदचे होते. आमचा एक रोजा अजून बाकी होता आणि भाईजानचा फोन आला, ‘‘ईद मुबारक!’’ धाकट्या बहिणीला तर ते खोटेच वाटले. एकच चंद्र, मग ईद दोन दिवशी कशी? याचे कारण असे, की सौदी अरेबिया आपल्या पश्चिमेला आहे. आपल्याकडे सूर्य मावळल्यानंतर सुमारे दोन तासांनी तो रियाधमध्ये मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी थोडा दूर सरकलेला असतो, म्हणून तो दिसण्याची शक्यता वाढते. शिवाय प्रत्येक देशाची चंद्रदर्शन ठरवण्याची व्यवस्था वेगळी असते. त्यामुळे तिकडची ईद पुष्कळदा आपल्या एक दिवस आधी येते. आकाश एकच असले, तरी ते पाहणारी जागा वेगळी असते.

आता शब्दांकडे वळू. तुम्ही उर्दू माध्यमाचे विद्यार्थी आहात. उर्दूत अरबी शब्द भरपूर आहेत. म्हणून तुम्हांला वाटेल, की अरब देशात आपल्याला निदान शब्द तरी ओळखीचे भेटतील. ते भेटतात, पण ओळखीचा चेहरा आणि अनोळखी स्वभाव असे त्यांचे असते!

एकदा भाईजान किराणा दुकानात रांगेत उभे होते. पुढे एक वृद्ध अरब गृहस्थ होते. त्यांनी मागे वळून पाहिले, दुकानदाराला काही सांगितले आणि भाईजानना आपल्या पुढे उभे राहण्याची खूण केली. त्या बोलण्यातला एकच शब्द भाईजानना कळला : ‘गरीब’. त्यांचा चेहरा उतरला. ‘मी घाम गाळून कमावतो आणि हा मला भिकारी समजतो,’ असे त्यांना वाटले. हातातले सामान तेथेच ठेवून ते दुकानातून बाहेर पडले. त्या रात्री ते जेवले नाहीत. परत घरी निघून जावे, असेही त्यांच्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही गोष्ट गोदामाच्या सुदानी कारकुनाला सांगितली. तोपर्यंत दोघांना एकमेकांची मोडकीतोडकी भाषा कळू लागली होती. तो कारकून हसला आणि म्हणाला, ‘‘अरे, गरीब म्हणजे पैसे नसलेला नव्हे. गरीब म्हणजे परका, दूर देशाहून आलेला. तो म्हातारा म्हणत होता, हा परदेशी माणूस आहे, याला आधी द्या.’’

ज्याला भाईजान अपमान समजले, तो मान होता. आणि दुकानातून निघून आले ते भाईजान! त्या वृद्ध गृहस्थांना काय वाटले असेल?

विद्यार्थी मित्रांनो, गंमत अशी, की हा अर्थ आपल्या उर्दूतही लपलेला आहे. आपण ‘अजीब-ओ-गरीब’ म्हणतो, तेव्हा त्यातल्या ‘गरीब’चा अर्थ निर्धन असा नसतो, ‘नवलाचा, अनोळखी’ असा असतो. ‘गरीब-उल-वतन’ म्हणजे आपल्या वतनापासून दूर असलेला. मूळ अरबी अर्थ या जोडशब्दांत टिकून राहिला आणि सुटा शब्द मात्र निर्धन माणसासाठी वापरला जाऊ लागला. हाच शब्द मराठीत आला आणि आणखी एक पाऊल पुढे गेला. मराठीत ‘तो स्वभावाने गरीब आहे’ असे म्हणतात, तेव्हा तो शांत आणि निरुपद्रवी आहे असा अर्थ होतो. तो माणूस श्रीमंतही असू शकतो! एक शब्द, भाषा तीन आणि अर्थही तीन.

असे आणखी शब्द आहेत. अरबीत ‘शराब’ म्हणजे कोणतेही पेय. आपल्याकडे तो मद्यासाठीच वापरतात. अरबीत ‘जुलूस’ म्हणजे बसणे; आपल्याकडे जुलूस म्हणजे रस्त्याने चालणारी मिरवणूक. अरबीत ‘मकतब’ म्हणजे कार्यालय किंवा लिहिण्याचे मेज. आपल्याकडे मकतब म्हणजे लहान मुलांची शाळा. शब्दही माणसांसारखेच प्रवास करतात आणि नव्या गावी गेले, की तिथल्या रीतीने वागू लागतात.

परक्या मुलखातली ही नवलाई आजची नाही. मोरोक्को देशातील तान्जा शहराचा प्रवासी इब्न बतूता 1333 साली हिंदुस्थानात आला. दिल्लीत तो काही वर्षे काझी होता. पुढे तो आपल्या मराठवाड्यातील दौलताबादलाही येऊन गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात येथील नारळाचे नवल लिहून ठेवले आहे. नारळ त्याला माणसाच्या डोक्यासारखा दिसला, कारण त्यावर दोन डोळे आणि तोंड यांच्यासारख्या खुणा असतात. पानाच्या विड्याचेही त्याला मोठे नवल वाटले. या देशात कोणाला विडा देणे हे सोने-चांदी देण्यापेक्षाही अधिक मानाचे समजतात, असे त्याने नोंदवले. आपल्याला जो विडा रोजचा, तो त्याला लिहून ठेवण्याजोगा वाटला. आणि आज आपल्या पूर्वजांच्या त्या रीती आपल्याला कळतात, त्याही एका परक्या माणसाने त्या नीट पाहिल्या म्हणून!

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्यांनीही असे लिहून ठेवले आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. त्या काळी समुद्र ओलांडणेच मोठे धाडस होते. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढे रमाबाई तेथे बरेच दिवस राहिल्या आणि त्यांनी अमेरिकेतील लोकांच्या जीवनावर मराठीत एक पुस्तक लिहिले. ते 1889 साली प्रसिद्ध झाले. जे चांगले दिसले त्याची त्यांनी स्तुती केली आणि जे अन्यायाचे दिसले तेही स्पष्ट सांगितले. परक्या देशाला केवळ नावे ठेवणे सोपे असते आणि केवळ डोक्यावर घेणेही सोपे असते. नीट पाहून समजून घेणे मात्र कठीण असते.

भाईजान 2015 साली कायमचे परत आले. आता सर्व नवलाई संपली, असे आम्हांला वाटले. पण ती आता उलट्या बाजूने सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात बसस्थानकासमोरचा रस्ता ओलांडताना त्यांनी आधी डावीकडे पाहिले आणि उजवीकडून आलेल्या रिक्षाचा त्यांना धक्का बसता बसता राहिला. एकदा खालाजान भेटायला आल्या, तेव्हा भाईजाननी मोठ्या हौसेने कहवा केला आणि लहान कपात तळाशी थोडासा ओतून दिला. खालाजाननी कपात वाकून पाहिले आणि हळूच अम्मीला विचारले, ‘‘आपा, घरातले दूध संपले का?’’

त्या दिवशी आम्ही सर्व पोट धरून हसलो. पण भाईजान एक गोष्ट गंभीरपणे म्हणाले. ‘‘तिकडे मला सर्वांत जवळचा कोण होता, ठाऊक आहे? माझ्या खोलीत राहणारा सोलापूरचा सुतार. त्याचा धर्म वेगळा, घरची भाषा वेगळी. पण दिवसभर परकी भाषा ऐकून थकलो, की आम्ही दोघे मराठीत बोलत बसायचो. तो पिठले करायचा आणि मी अम्मीचे लोणचे काढायचो. परभणीत असताना मराठी मला शाळेतला एक विषय वाटायची. तिकडे ती मला घर वाटू लागली.’’

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे दुबईला, रियाधला किंवा आणखी कोठे जातील. काही जण पुण्या-मुंबईला जातील. बरेच जण येथेच राहतील. पण ही नवलाई येथेही भेटते. गेल्या वर्षी उत्तर प्रदेशातून आमच्या मोहल्ल्यात एक कुटुंब राहायला आले. शेजारच्या मराठी काकू भेटायला गेल्या आणि उठताना ‘‘बरं, येते हं,’’ म्हणाल्या. घरातल्या बाई बराच वेळ चहा झाकून त्यांची वाट पाहत बसल्या! मराठीत निरोप घेताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानतात. पुन्हा भेट व्हावी, म्हणून ‘येतो’ म्हणतात. ‘हरकत नाही’ ऐकून तुम्हीही कधी गोंधळला असाल. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल किंवा वागणूक. मराठीत हरकत म्हणजे अडचण किंवा आक्षेप. उर्दूत रजा म्हणजे मर्जी. मराठीत रजा म्हणजे सुट्टी. आणि हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीच्या तासाला ऐकली, तर पाठ शिकवणार आहेत असे समजू नका. मराठीत तो शब्द छडी खाणाऱ्यासाठी आहे!

मग अशा वेळी काय करावे? भाईजाननी सात वर्षांत शिकलेल्या तीन गोष्टी मी तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट : कोणाचे वागणे विचित्र वाटले, तर लगेच राग धरू नका. आधी मनाला विचारा, ‘हे इथे कशासाठी करत असतील?’

दुसरी गोष्ट : समजले नाही, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता मान डोलावण्यात मात्र नुकसान आहे.

तिसरी गोष्ट : आपली रीतही दुसऱ्याला सांगा. जसे ते आपल्याला नवीन, तसे आपणही त्यांना नवीनच असतो.

भाईजानचा कापलेला पगार काही परत मिळाला नाही. पण त्या मुकादमांना खरी गोष्ट कळली, तेव्हा ते खूप वेळ हसले. त्यानंतर भाईजानना थांबायला सांगायचे असले, की ते बोटे जुळवत आणि बरोबर तोंडानेही सांगत. ते म्हणत, ‘‘थांबो, थांबो!’’ हा शब्द त्यांना भाईजाननीच शिकवला होता. तो थोडा चुकीचा होता, पण दोघांनाही बरोबर कळत होता.

स्वाध्याय

1. मुकादमांच्या खुणेचा भाईजाननी कोणता अर्थ घेतला? खरा अर्थ कोणता होता?

2. अरब यजमान कप काठोकाठ का भरत नाहीत?

3. ‘गरीब’ या शब्दाचे अरबी, उर्दू आणि मराठी भाषांतील अर्थ सांगा.

4. सौदी अरेबियात ईद पुष्कळदा एक दिवस आधी का येते, ते आपल्या शब्दांत लिहा.

5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, पण निरनिराळ्या अर्थांचे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

6. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी बाहेरगावी राहून आले असेल, तर तेथे त्यांना कोणत्या लहान गोष्टीचे नवल वाटले ते विचारा आणि दहा ओळी लिहा.